उसने बोल्ट

वाघबीळच्या पुढं चढ सुरू झाला आणि जीप बंद पडली. २००२ सालचा श्रावण होता. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता, आणि पन्हाळा नक्की कुठं आहे हे फक्त रस्त्यालाच माहीत होतं. मी स्टार्टर दाबला. जीप खोकली आणि गप्प झाली. शेजारी आबा, म्हणजे माझे आजोबा, निवांत बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं धुक्याचं त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. पावसात गडावर जाऊन गरम झुणका-भाकर खायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

"टोपणात पाणी गेलं असंल," आबा म्हणाले. "डिस्ट्रिब्यूटर पूस."

"कशानं पुसू? सगळंच भिजलंय."

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली, पुढं गेली, थांबली आणि मागं वळली. रेनकोट घातलेला एक तरुण उतरला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. सरळ बॉनेटपाशी गेला. मुलींना अशी गोष्ट लगेच कळते, आणि खरं सांगायचं तर थोडी लागते.

"विलीज का, पावणं?" त्यानं आबांना विचारलं.

"न्हाय. फोर्ड."

"जुन्या जीपा सगळ्या विलीजच की."

"बोल्टाला हात लावून बघा."

तो वाकला. रेडिएटरच्या खाली डोकं घालून चिखलातच गुडघे टेकले. "पुढचा दांडा गोल पाईपचा असता तर विलीज... ह्यो तर पट्टीचा हाय!" मग त्यानं एका बोल्टावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एफ होता, भाताच्या शिताएवढा. "आयला... फोर्डच की ओ!"

एवढा आनंद मी राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये फक्त सुट्टी जाहीर केल्यावर बघते. मी तिथं गणित शिकवते.

"कोरडं कापड द्या," तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाला. "ती ओढणी..."

"ओढणी मिळणार नाही."

"बरं... मग जीप सुरू हुनार न्हाय."

"मग तुम्ही ढकला."

तो हसला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून खाली उतरत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडं कोरडा हात नव्हता. शेवटी आबांनी कोटाच्या आतून मफलर काढून दिला. तो टोपण पुसत होता आणि आबांनी गोष्ट सुरू केली. ही गोष्ट ते ओळख नसलेल्या माणसालाच आधी सांगतात.

"दुसऱ्या म्हायुद्धात ब्रह्मदेशात पलटनीत मी हीच चालवायचो. आमचा सायब सांगायचा, हे मोटारी करनारे लोक. लढाई लागली, सरकार म्हनलं मोटारी बंद, जीपा करा. नकाशा विलीजचा, पर एका कारखान्याच्यानं पुरंनात. मग फोर्डलाबी त्योच नकाशा दिला. फोर्डनं मागच्या पत्र्यावर आपलं नाव घातलं मोठं. सैन्यानं सांगिटलं, नाव घालायचं न्हाय. बरं म्हनला गडी. बोल्टाबोल्टावर एफ तेवढा ठेवला." आबा थांबले. "मोठं लिवू देत न्हाईत तर बारकं लिवायचं. पर लिवायचं."

"मग ही तिथलीच?"

"तिथली न्हवं. पर हिच्या भनीच त्या. लढाईनंतर लिलावात आमी तिघा भावांनी मिळून घेतली. छप्पन साली दसऱ्याला हिनंच आमाला नागपूरला न्हेलं."

आमच्याकडं आडनाव विचारावं लागत नाही. छप्पन, दसरा, नागपूर, एवढं पुरतं. आम्ही बौद्ध, हे समोरच्याला तेवढ्यात कळतं. त्या वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा बघायची मला लहानपणापासून सवय आहे. कुणाचा आवाज जरा जास्तच गोड होतो, कुणाला एकदम काम आठवतं. हा माणूस टोपण हातात धरून तसाच उभा राहिला.

"नागपूरपातूर?" तो म्हणाला. "ह्या ब्रेकवर?"

जीप सुरू झाली. त्याचं नाव विश्वजित. गाव उचगाव, उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप, आणि घरी त्यांचीही एक जीप. "विलीज. अस्सल," तो अभिमानानं म्हणाला. आबांचा मफलर घालूनच तो गेला. विसरला म्हणे.

मफलर परत द्यायला तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्या रविवारी ब्रेक बघायला आला. मग कार्ब्युरेटर, मग हॉर्न. चांगल्या चालत्या गाडीत दर रविवारी काहीतरी बिघडतं हे मला पटत नव्हतं, पण मी गणिताची बाई असूनही त्याचं गणित मांडलं नाही. आई-बाबा बदलीमुळं साताऱ्याला असतात, घरात मी आणि आबाच, आणि आबांना ऐकणारा माणूस मिळाला होता. मला बघणारा. कारण आता तो बॉनेटवरून अधूनमधून नजर वर करायला लागला होता.

"लढाईत क्रायस्लर रणगाडे करायची," जीपखालून तो एकदा म्हणाला. "फोर्ड तर बॉम्ब टाकायची इमानंबी करायची. मोटारवाल्याला मोटार सोडून सगळं येतंय."

"आणि तुम्हाला?"

"आमाला ऑईल इंजिनाचे पार्ट येतात. सध्या."

"आणि लढाई लागली तर?"

"कुनाशी?" तो बाहेर आला. गालावर ग्रीस. "तुझ्याशी लागली तर हरीन म्हनतो."

मी आत जाऊन चहा ठेवला. चहा उतू गेला.

एक गोष्ट तो मला हसत हसत सांगायचा. पन्हाळ्याहून परतल्यावर त्यानं घरची जीप तपासली होती. पुढचा दांडा गोल पाईपचा, म्हणजे विलीजच. पण बोल्ट? निम्म्या बोल्टांवर एफ. लढाईच्या डेपोत एकीचं मोडलं की दुसरीचं काढून बसवायचे. नकाशा एकच, त्यामुळं कुठलाही भाग कुठंही बसायचा.

"घरी सांगितलंत?"

"आक्काला? नको. आक्का गावभर सांगती, आमची विलीज अस्सल हाय, दुसऱ्याचा एक नट न्हाई."

आक्का म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. त्याची आई लवकर गेली, वाढवलं आक्कानं. दहा-बारा म्हशी, दुधाचा धंदा, आणि घरात शेवटचा शब्द तिचा. ती वाईट नाही, असं तो दर वेळी सांगायचा. न विचारता सांगायचा, म्हणून मला काळजी वाटायची.

भाद्रपदात जीप पूर्ण उघडून दुरुस्त करायला त्याच्या वर्कशॉपमध्ये नेली. मी क्लास सुटल्यावर जायची. उद्यमनगरात लेथच्या आवाजात कुणी हळू बोलूच शकत नाही. एके दुपारी तो माझ्यापाशी आला आणि ओरडून काहीतरी सांगायला लागला.

"काय?" मी ओरडले.

"म्हनलं... कवाधरनं सांगायचं म्हंतोय..."

"ऐकू येत नाही!"

आणि नेमकी लाईट गेली. सगळ्या गल्लीतले लेथ एकदम थांबले. विश्वजितचा आवाज मात्र त्याच पट्टीत सुरू होता. "मला तू लई आवडतीस!"

कोपऱ्यात पॉलिशच्या चाकावर बसणारे केरबाकाका मान वर न करता म्हणाले, "आमालाबी ऐकू आलं."

विश्वजित कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना. मलाही तो आवडत होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला लपायचं नव्हतं.

"अख्ख्या उद्यमनगराला सांगितलंत," मी म्हणाले. "आता घरी सांगा."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. "सांगतो की... दसरा हुं दे."

"दसरा होईपर्यंतच थांबेन. पुण्याच्या एका कॉलेजात मला नोकरी मिळतेय, दिवाळीनंतर जायचंय. तोंडाला ओढणी गुंडाळून तुमच्या मागं गाडीवर बसणं मला जमणार नाही. तुमच्या घरी माझं नाव उच्चारलं गेलं तर मी इथं राहीन. नाहीतर पुणे काही वाईट गाव नाही."

"नाव सांगायला कितीसा येळ लागतोय?" तो म्हणाला. पण सांगितलं नाही. नवरात्र बसलं, माळा चढत गेल्या, तरी नाही.

दसरा हा आबांचा दिवस. दरवर्षी पांढरे कपडे घालून, जीपला निळं निशाण लावून ते विहारात जातात. नागपूरच्या प्रवासाची ती आठवण. आता चालवते मी, पण निघण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारतात आणि बोल्टांवरून बोट फिरवतात. दिसत नाही, म्हणून गाडी ते बोटानं ओळखतात.

विश्वजितनं खंडेनवमीला सकाळी जीप आणून दारात उभी केली. रंग ताजा, झेंडूचा हार, काचेवर ऊन. आबा बाहेर आले. बंपरवर हात ठेवला, एका बोल्टावर बोट नेलं, मग दुसऱ्या, मग बॉनेटच्या, मग काचेच्या चौकटीच्या.

"कुनाची गाडी आनलीस रं?"

"आबा, आपलीच की."

"न्हाय. हिच्यावर नाव न्हाय."

मी खाली वाकून बघितलं. सगळे बोल्ट आरशासारखे गुळगुळीत होते. एफ कुठंच नव्हता.

विश्वजितचा चेहरा मी विसरणार नाही. खंडेनवमीला उद्यमनगरात प्रत्येक मशीन, प्रत्येक पाना घासूनपुसून पूजेला लावतात. गंजलेली वस्तू देवापुढं ठेवणं म्हणजे मालकाची अब्रू जाणं. "मीच सांगिटलं केरबाकाकाला," तो म्हणाला, "पूजेला ठेवायची हाय, जरा चकचकीत करा..." काकांनी मनापासून केलं होतं. एकेक बोल्ट काढून, चाकावर धरून, निकेलचं पाणी देऊन परत बसवला होता.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "उद्या गाडी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. "चालत जाऊ." आणि भिंत चाचपत आत गेले.

आम्ही दोघं दारात उभे राहिलो.

"एफचे बोल्ट हायत," विश्वजित हळूच म्हणाला. "आमच्या गाडीत."

"मग बदला."

"आज नवमी... पाने-हत्यारं पूजेत हायत. उद्यापातूर हात लावायचा नसतोय. आनि आक्का इचारंल, कुनासाठी."

"मग सांगा."

मी चावी घेऊन जीपमध्ये बसले. "चला. मी तुमच्या अंगणात गाडीपाशी उभी राहीन. आत येणार नाही, तुमच्या वतीनं बोलणार नाही. आबांचे बोल्ट परत आणायचे आहेत एवढंच मला ठाऊक आहे."

उचगावात त्यांच्या अंगणात विलीज उभी होती. हार, हळदकुंकू, टायरखाली लिंबू. पुढं पाटावर पाने ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. आक्का म्हशीला पेंड घालत होती. ठेंगणी, काटक, कासोटा घातलेली. विश्वजित पाटापाशी गेला आणि त्यानं पान्याला हात घातला.

"आरं! ठेव खाली!" आक्काचा आवाज गोठ्यातून आला. "आज हत्याराला हात लावतोस व्हय?"

"काम हाय, आक्का."

"आजच?"

"आजच."

"कुनाचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रेडिएटरकडं बघितलं. ठरवलं होतं मदत करायची नाही, आणि केली नाही. पण गाडीपाशी उभं राहूनही स्टिअरिंगवरचा हात मला काढता येईना.

"अक्षताच्या आजोबांचं," तो म्हणाला.

"कोन अक्षता?"

"ही."

"आनि ही कोन?"

गोठ्यात एका म्हशीनं साखळी वाजवली. विश्वजितनं श्वास घेतला. "मला हिच्याशी लगीन करायचं हाय. ही बौद्ध हाय. हिच्या आजोबांच्या गाडीवरचं नाव माझ्या हातनं पुसलं गेलंय, ते मला आज भरून द्यायचं हाय. आनि आक्का... आपली विलीज अस्सल न्हाय. निम्मे बोल्ट फोर्डचे हायत."

आक्का पेंडेचे हात पदराला पुसत बाहेर आली. एवढ्या सगळ्यातलं नक्की काय तिला लागलंय ते कळेना.

"निम्मे?" ती म्हणाली.

"व्हय."

"कुठं?"

त्यानं तिचा हात धरून बोट बोल्टावर ठेवलं. ती एकेक बोल्ट चाचपत गाडीभोवती फिरली. अगदी आबांसारखी.

"कवापासनं?"

"लढाईपासनं. दोन्ही कारखान्यांचा नकाशा एकच हुता. ह्येचं त्याला बसतंय."

"आनि मी गावभर सांगत सुटलोय अस्सल म्हनून." उचगावची बाई, 'सुटलोय'च म्हणणार. "तुला ठावं हुतं?"

"श्रावणापासनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"भ्यालो."

"आनि हिचं?"

"तेबी श्रावणापासनं. तेबी भ्यालो."

आक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "जीप तू चालवत आनलीस?"

"हो."

ती पाटापाशी गेली, पान्यावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं, पाना कपाळाला लावला आणि विश्वजितच्या हातात दिला.

"सीमोल्लंघन उद्या असतंय. तू आजच केलंस," ती म्हणाली. "पर बोल्ट उसने हायत. दसरा झाला की परत. आनि दुसरं जे बोललास त्येचा मी इचार केल्याला न्हाय."

ती आत गेली. मला पाण्याचंही विचारलं नाही. ते मी लक्षात ठेवलं.

दोन्ही जीपा शेजारी शेजारी लावून विश्वजितनं बोल्ट बदलले. आमचे चकचकीत तिकडं, त्यांचे एफवाले इकडं. मी त्याच्या हातात एकेक बोल्ट देत होते. एकदा बोल्टाबरोबर माझी बोटंही त्याच्या मुठीत गेली आणि ती त्यानं लगेच सोडली नाहीत. "सांगिटलं," तो पुटपुटला. "ऐकलं," मी म्हणाले. त्या दिवशी आमच्यात एवढंच प्रेमाचं बोलणं झालं.

दसऱ्याला आबांनी फेरी मारली. पहिल्या बोल्टावर बोट थांबलं. "हां," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पर ह्ये आपले न्हवंत. आपल्या एफची शेपटी झिजल्याली हुती."

"उसने आहेत आबा. विश्वजितच्या आक्कांचे."

"मग आपले कुठं?"

"त्यांच्या गाडीत."

आबा खोकला येईपर्यंत हसले. विश्वजित पांढरा शर्ट घालून मागं बसला होता. आबांनी मान वळवली. "पोरा, हितं येताना घरी काय सांगिटलंस?"

"खरं सांगिटलं."

"मग बस."

दसरा गेला, कोजागिरी गेली. आक्काकडून ना होकार, ना नकार. पुण्याला कळवायची वेळ जवळ आली. मी कपाटातून बॅग काढून ठेवली, पण भरली नाही. विश्वजित रविवारी येऊन जीपखाली निजायचा आणि काहीच बिघडलेलं नसताना काहीतरी शोधत बसायचा.

अशाच एका रविवारी दारात रिक्षा थांबली आणि आक्का उतरली. हातात पिशवी, पिशवीत पाना.

"उसनं न्यायला आलोय," ती आबांना म्हणाली.

"न्या की. आधी च्या घ्या."

ती क्षणभर थांबली. मग कट्ट्यावर बसली. मी चहा आणून दिला आणि कपाकडं बघत उभी राहिले, एवढ्यावरच सगळं ठरणार आहे असं वाटून. तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायली. संपवला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली. "आनि घाल जरा."

मी आत गेले. डोळे पुसले, मगच साखर घातली.

दुसरा कप संपल्यावर आक्का जीपपाशी गेली. पाना बोल्टाला लावला, काढला, पुन्हा पिशवीत टाकला. "तुमचे चकचकीत बोल्ट आमच्या गाडीला शोभाय लागल्यात. ते काय मी परत देत न्हाय. मग हे कशाला काढू?"

"ऱ्हाऊ देत," आबा म्हणाले.

जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. "ह्येबी हितंच पडल्यालं असतंय. ह्येबी ऱ्हाऊ दे."

पाय हलले नाहीत. बहुतेक त्याचा श्वासही थांबला होता.

"पुन्याला जानार म्हनं तू?" तिनं मला विचारलं.

"त्यांनी नाव सांगेपर्यंत थांबले होते. आता तुम्ही काय म्हणता त्यासाठी थांबलेय."

"मी काय म्हनायचंय? मला घरी सोड. रिक्षात हाडं खिळखिळी झाली."

जीपमध्ये हाडांचं काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती पदर खोचून पुढं माझ्या शेजारी बसली. विश्वजित मागं, ग्रीसच्या हातांनी. आरशात दिसला. वेड्यासारखा हसत होता.

उचगावच्या वेशीवर पारावर गाव बसलं होतं. रविवारची दुपार, सगळ्यांना वेळच वेळ. माना आमच्याकडं वळायला लागल्या. तिथून पटकन निघून जावं म्हणून मी गिअरला हात घातला. आक्कानं आपला हात माझ्या हातावर ठेवला.

"सावकाश घे," ती म्हणाली. "गावाला बघू दे."

मी गाडी दुसऱ्याच गिअरवर ठेवली.